पहिल्यांदाच ओव्हरक्लॉकिंग : आधी रॅम की आधी प्रोसेसर?

नवशिका अकोलेकर

नमस्कार. माझ्या संगणकात रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि डीडीआर४ ३६०० सीएल१८ प्रकारच्या ८ जीबीच्या दोन रॅम स्टिक आहेत. कूलर प्रोसेसरच्या खोक्यात मिळालेलाच आहे. रॅमच्या पाकिटावर ३६०० हा वेग छापलेला असूनही टास्क मॅनेजर मात्र २६६६ दाखवतो. एका व्हिडिओत याच प्रोसेसरचे सर्व कोअर (गणना करणारे भाग) १.३५ व्होल्टवर ४.६ गिगाहर्ट्झला कायमचे बसवलेले पाहिले, आणि आपणही तसेच ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेग देणे, करून पाहावे असा मोह होतो आहे. लग्नाच्या चित्रीकरणाचे संपादन हे माझे मुख्य काम आहे, रात्री थोडे गेम खेळतो. मे महिन्यात दुपारी माझ्या खोलीत ३८ अंश तापमान असते. सुरुवात रॅमपासून करावी की प्रोसेसरपासून, आणि यात काही जळण्याची भीती कितपत आहे?

सावकाश

रॅमपासूनच करा, कारण तुम्ही ज्याचे पैसे मोजले आहेत तेच तुम्हाला अजून मिळालेले नाही. रॅम आपणहून सर्वमान्य कमी वेगावर चालू होते. पाकिटावरचा वेग स्टिकमध्ये साठवलेल्या एक्सएमपी प्रोफाइलमध्ये असतो आणि ती प्रोफाइल बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन आपल्यालाच चालू करावी लागते (काही बोर्डांवर तिला डीओसीपी म्हणतात). तुमच्या प्रोसेसरसाठी कंपनीने अधिकृतपणे ३२०० पर्यंतचाच वेग सांगितलेला असल्यामुळे ३६०० हेसुद्धा कागदोपत्री ओव्हरक्लॉकिंगच ठरते, मात्र या पिढीतले बहुतेक प्रोसेसर ते सहज पेलतात. रॅम ३६०० ला असताना तिचे खरे घड्याळ १८०० मेगाहर्ट्झचे असते आणि प्रोसेसरचे आतले भाग एकमेकांना जोडणारी इन्फिनिटी फॅब्रिकही १८०० वर त्याच्या जोडीने चालू शकते. त्यापुढे गेल्यावर ही जोडी तुटली, तर वेगाचा आकडा वाढूनही काम मंदावते. म्हणून ४००० च्या मागे लागू नका.

त्याआधी कॅबिनेट उघडून एक गोष्ट पाहा. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात, म्हणजे प्रत्येकीला प्रोसेसरकडे जाणारी वेगळी वाट (चॅनेल) मिळते.

प्रोफाइल चालू करून बायॉसमधून बाहेर पडलात की पडदा मिनिटभर काळा राहील, संगणक कदाचित दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होईल. मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका. अगदीच चालू झाला नाही, तर वीजजोडणी काढून बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटे बाजूला ठेवा, म्हणजे बायॉस मूळ स्थितीवर येते. त्यानंतर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामच्या चार फेऱ्या रात्रभर चालू द्या. एकही चूक निघाली तर ती ‘एकच’ म्हणून सोडून न देता वेग ३४६६ किंवा ३२०० वर आणा.

बारा व्होल्ट

वरच्या शेवटच्या वाक्याला माझ्या मूर्खपणाची पुस्ती जोडतो. मी रॅम ३८०० वर नेली, विंडोज चालू झाले, गेम चालले, आठ दिवसांत संगणक एकदाही हँग झाला नाही, म्हणून चाचणी केलीच नाही. नंतर भाचीच्या बारशाचे फोटो झिप करून मूळ फाइल पुसून टाकल्या, आणि महिन्याभराने झिप उघडायला गेलो तेव्हा निम्म्या फाइल खराब निघाल्या. अस्थिर रॅम दर वेळी निळा पडदा दाखवून सूचना देतेच असे नाही; ती गुपचूप चुकीचा बिट लिहून मोकळी होते. तुमच्या हाती तर लोकांच्या लग्नाचे चित्रीकरण असते.

जुना सेलेरॉन

आता प्रोसेसरविषयी. १९९८ साली इंटेलच्या सेलेरॉन ३००ए प्रोसेसरची बस (त्याला मदरबोर्डशी जोडणारी वाट) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झला नेली की ३०० चा प्रोसेसर थेट ४५० ला पळत असे, आणि आमच्या पिढीला ओव्हरक्लॉकिंगचे वेड लागले ते तेव्हापासून. तसा फुकटचा दीडपट वेग आज कुणी शिल्लक ठेवत नाही. तुमचा ५६०० तापमान आणि विजेची मर्यादा पाहून स्वतःच ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि काम नसेल तेव्हा खाली येतो.

व्हिडिओतल्या आकड्यांचा हिशेब करून पाहा. वीजखप ढोबळमानाने वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सर्व कोअर आज १.२ व्होल्टवर ४.२ ला चालत आहेत असे धरले, तर १.३५ व्होल्टवर ४.६ ला वेग साडेनऊ टक्क्यांनी वाढेल, पण उष्णता जवळपास ३९ टक्क्यांनी. खोक्यातला तो बुटका कूलर ३८ अंशांच्या खोलीत हे झेपवू शकणार नाही, आणि या प्रोसेसरची मर्यादा ९० अंशांची आहे. अतितापाने तो लगेच जळणार नाही, आधी वेग उतरवेल. पण गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज दीर्घकाळ दिल्यास चिप झिजते, आणि ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही.

त्याऐवजी बायॉसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर ही व्होल्टेज बदलण्याची सोय असेल तर सर्व कोअरना उणे १० द्या. यात व्होल्टेज थोडे कमी होते, चिप थंड राहते आणि त्यामुळे आपणहून जरा अधिक वेग धरते. केवळ सिनेबेंच ही सर्व कोअरवर भार टाकणारी चाचणी पार पडली म्हणून समाधान मानू नका, कारण उणे व्होल्टेजची अडचण बहुधा हलक्या कामात, एकच कोअर उंच उडी घेतो तेव्हा दिसते.

नवशिका अकोलेकर

सर्वांचे मनापासून आभार. कॅबिनेट उघडले तर दोन्ही स्टिक पहिल्या-दुसऱ्या स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी बसवलेल्या होत्या, म्हणजे दिवाळीपासून माझी रॅम एकाच चॅनेलवर चालत होती. जुळणी करून देणाऱ्याला काय म्हणावे! जागा बदलून प्रोफाइल चालू केली. पडदा काळा झाला तेव्हा जीव वरखाली झाला, पण हात मागे ठेवला. आता ३६०० दिसते आणि चारही फेऱ्या निर्दोष पार पडल्या. संपादनाच्या वेळी प्रोसेसर दुपारी ८७ अंशांवर जातो, म्हणून त्याला तूर्त हात न लावता उंच टॉवर कूलर मागवला आहे. जुना काढताना काही काळजी घ्यावी का?

जुना सेलेरॉन

अवश्य घ्या. आधी पंधरा मिनिटे एखादे जड काम चालवून कूलर आणि प्रोसेसर यांच्यामधली पेस्ट मऊ होऊ द्या, मग संगणक बंद करून वायर काढा. स्क्रू तिरप्या जोडीने थोडे-थोडे सैल करा, आणि बोर्डामागची पट्टी एका हाताने धरून ठेवा, नाहीतर ती निसटून पडते. कूलर सरळ वर ओढू नका. डावी-उजवीकडे हलका पिळा देत सुटा करा. थंड पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून (बोर्डावरच्या त्याच्या खाचेतून) उपटून येतो, आणि मग वाकलेल्या पिना कार्डाच्या कडेने सरळ करत बसावे लागते.