बसच्या टपावरची झडप गळते म्हणून काय काय केलंत? अनुभव सांगा

अबोली:
आमच्या समोरच्या माडांत दोन पोरांनी जुनी शाळेची बस आणून लावलीय, आत राहायची सोय करतायत. काल संध्याकाळी आभाळ दाटून आलं तसा त्यातला एक डांबराचा डबा घेऊन टपावर चढला. मी बाल्कनीतून जिवाच्या आकांतानं ओरडले, "अरे थांब, डांबर ओतू नको!" पोरगं घाबरून तसंच उभं राहिलं. मग खाली जाऊन त्याला सगळं सांगितलं, तेच इथे लिहिते.

माझ्या बाबांनी निवृत्तीनंतर, २००९ साली, अशीच एक बस घेतली होती. बाकं काढून दोन्ही बाजूंना फळ्या ठोकल्या, चौदाशे पुस्तकं लावली आणि गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या वाड्यावाड्यांवर न्यायला सुरुवात केली. टपाच्या मधोमध दोन बाय दोन फुटांची उघडणारी झडप होती. तिचं रबर उन्हानं कडक झालेलं. पहिल्या पावसात थेंब पडला तो कवितांच्या फळीवर, झडपेपासून चांगला तीन हात पुढे. बाबांनी वर जाऊन झडपेभोवती डांबर लावलं. पुढच्या वर्षी त्यावर ताडपत्री. तिसऱ्या वर्षी त्यावर पत्रा ठेवून रिव्हेट मारले. दर वर्षी पंधरा दिवस बरं वाटायचं, मग परत टप टप.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आदल्या आठवड्यात मागची फळी ओढली तर पुस्तकांची एकच वीट झालेली. एकही पान सुटं होईना. बाबा बसच्या पायरीवर बसून राहिले, कोणाशी बोलले नाहीत.

नंतर एका म्हाताऱ्या फिटरनं सगळे थर खरवडून काढले. खाली झडपेची चौकट उरलीच नव्हती, नुसता गंज. आतल्या चौकोनी पाइपला त्यानं भोक पाडलं तर तांबडं पाणी बदाबदा आलं. तीन वर्षं आम्ही वरून झाकत होतो आणि पाणी आत साठून पत्रा कुजवत होतं.

तुमच्याकडे कोणी असं निस्तरलंय का? त्या पोरांना वाचून दाखवीन.

डिचोलीकर:
थेंब पडतो तिथे भोक नसतं, हे आधी त्या पोरांना सांगा. बस नाकाकडे थोडी जरी उतरती उभी असेल तर पाणी टपाच्या आतल्या फासळीवरून पुढे वाहत येतं आणि जिथे स्क्रूचं भोक सापडेल तिथे खाली उतरतं. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर गळायचं आणि भोक होतं मागच्या चाकाच्या वर!! शोधायची पद्धत: आतलं प्लायवूड काढा. झडपेच्या आतल्या कडेला चारही बाजूंनी अंगाला लावायची पावडर मारा. एकानं आत बॅटरी घेऊन बसायचं, दुसऱ्यानं वर नळी धरायची. आधी खालच्या कडेला पाच मिनिटं, मग बाजू, शेवटी वरची कड. एकदम सगळीकडे पाणी मारलंत तर काही कळणार नाही. पावडरीत पहिली रेघ उमटेल ती खरी वाट. आम्हाला दुपार लागली पण सापडलं

सुरंगी:
बाबांची पुस्तकं बचावली का गं शेवटी?

अबोली:
निम्मी. घरात दोरीवर, पंख्याखाली, पानापानांत वर्तमानपत्र घालून सुकवली. आईनं चवथीचं सगळं एका खोलीत उरकलं त्या वर्षी. गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या माटोळीखालीसुद्धा पुस्तकं पसरलेली होती.

सुरंगी:
डोळ्यांत पाणी आलं गं. आमच्याकडे असंच काकांच्या नाटकाच्या वह्यांचं झालं होतं, पण ते कौलातून. मे महिन्यात शाकारणीला माणूस मिळाला नाही एवढंच निमित्त. शेवटचा अंक कायमचा गेला.

वळीव:
मी उलटं केलं होतं ते सांगतो. झडप काढूनच टाकली, भोकावर १८ गेजचा पत्रा दोन दोन इंच चढवून पक्का बसवला, थेंब बंद. खूश! ऑगस्टमध्ये गादीखाली हात घातला तर ओली. छताला काळे ठिपके, कपड्यांना बुरशीचा वास, मुलगी रात्रभर खोकायची. कुठून गळतंय म्हणून परत टपावर चढलो, काही नाही. मग कळलं की गळतच नव्हतं. आतच भात शिजायचा, आम्ही चौघं झोपायचो, गॅस जळतानासुद्धा वाफ होते आणि ती वर जायची एकुलती एक वाट मी बंद केली होती. थंड पत्र्याला लागून तीच पाणी होऊन खाली. आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, बाहेरची हवाही ओलीच. झडप बुजवायची तर दुसरीकडे हवा जायला जागा ठेवाच. मी शेवटी त्याच पत्र्यात टोपीवाला व्हेंट बसवला. मुलीचा खोकला गेला ते महत्त्वाचं.

नुस्तेंप्रेमी:
पोरांनी पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरलंय का विचारा, बस मागाहून नीट करता येईल. सुकी सुंगटं (कोळंबी) यंदा काय महाग!

सुरंगी:
@नुस्तेंप्रेमी म्हापशाला शुक्रवारी सकाळी लवकर जा, दहानंतर चांगला माल राहत नाही. मी सोलंही तिथूनच आणली.

मांडवीपार:
आमचं झाकण उडालं. अनमोड घाट उतरून मोले ओलांडलं आणि सरळ रस्त्याला जरा वेग घेतला तेवढ्यात वर धाडकन आवाज. आरशात बघतो तर झाकण रस्त्यावर लोळतंय. मागून स्कूटरवर नवरा-बायको येत होती, मध्ये लहान मूल. वीसेक पावलांवर थांबले म्हणून वाचले. आज चार वर्षं झाली, अजून आठवलं की हातपाय गार पडतात. झाकणाची बिजागरी मागच्या कडेला होती, समोरून वारा आत शिरून ते उचलतो. बिजागरी पुढच्या बाजूला हवी, मग वारा झाकण दाबून धरतो. आणि आतून एक साखळी बांधा, बिजागरी तुटली तरी झाकण टपावरच राहील. कृपा करून बांधा.

पणती:
सिलिकॉनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून घाईत लिहिते, कुकर लावलाय. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त नळी मिळते ना, लावताना शिरक्यासारखा (व्हिनेगरसारखा) वास येतो ती? ती बाथरूमच्या काचेला ठीक. पत्र्याला नको, त्यातलं आम्ल पत्रा खातं. आम्ही तीच लावली, दोन पावसाळ्यांत खालून गंज फुगून आला. वर त्रास असा की सिलिकॉनचा पापुद्रा राहिला की त्यावर रंग बसत नाही की दुसरं काही चिकटत नाही. ग्राइंडरनं चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावं लागलं. मग प्राइमर, मग पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. ते हवेतल्या ओलाव्यानंच सुकतं म्हणून पावसाळ्यात चालतं, फक्त पत्रा कोरडा ठणठणीत पाहिजे. आणि ऊन त्याला सोसत नाही, वरून रंग मारा. शिट्टी झाली, जाते

कुळागर:
पोरांना म्हणावं होड्यांचं फायबर करणाऱ्याला गाठा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर धक्क्याला, होड्या वर काढलेल्या, डागडुजीचं काम तेव्हाच चालू. मी मालिमच्या धक्क्यावर जुनं झाकण घेऊन गेलो. त्या माणसानं आधी झाकण बाजूला ठेवलं आणि भोकाची कड किती उंच आहे ते विचारलं. मी म्हटलं, टपाच्या बरोबरीला. म्हणाला, "मग कोणतंही झाकण गळणारच. होडीच्या डेकवरच्या भोकाला आधी काठ उभा करतात, झाकण त्यावर टोपीसारखं बसतं." एवढ्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं! त्यानं भोकाभोवती तीन इंच उंच काठ बांधून दिला, जुन्या झाकणावरून साचा काढला, चार थर चढवले, मधोमध किंचित फुगीर, म्हणजे पाणी साचत नाही. उन्हासाठी वरून जेलकोट. काम मात्र छपराखाली केलं, पावसाच्या झडीत रेझिन हातात घ्यायला तयार नव्हता, ओल लागली तर थर नीट धरत नाहीत म्हणाला. दोन दिवस पाऊस उघडायची वाट बघायला लावली, पण त्याचं बरोबर होतं. सहावा पावसाळा आहे, एक थेंब नाही. त्या माणसाचे हात बघत राहावेत असे आहेत.

डिचोलीकर:
@कुळागर काठाचं लाख मोलाचं बोललात. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांसाठी जोड देतो: लोखंडी टपावर ॲल्युमिनियमचा पत्रा थेट ठोकू नका. खारी हवा आणि ओल मिळाली की लोखंडाला टेकलेलं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. मध्ये रबर किंवा ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) घाला.

चाफा_७१:
मी ३१ वर्षं बस चालवली. झडप काढून पत्रा ठोकणाऱ्यांना हात जोडून सांगतो, ती झडप हवेसाठीच नसते. "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग" असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही. बस दाराच्या बाजूला कलंडली की दार जमिनीवर दाबलं जातं आणि दुसऱ्या बाजूच्या खिडक्या डोक्यावर, आकाशाकडे. तेव्हा टपाची झडप तुमच्या समोर कमरेइतक्या उंचीवर येते. मी त्या वाटेनं माणसं बाहेर काढलीत, त्यात एक गरोदर बाई होती. आत माणसं झोपणार असतील तर झडप उघडणारी ठेवा, आतून, अंधारात, किल्लीशिवाय उघडणारी. खाली कपाट बांधू नका. आणि आरसीचं बघा. बाकं काढणं म्हणजे गाडीत बदल, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं, वाहतूक खात्याची परवानगी आधी घ्यायची.

वळीव:
काका, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्या गाडीला आता एकच दार आहे. या रविवारी मागची काच उघडणारी करायला घेतो.

चाफा_७१:
कर बाबा. काचेशेजारी हातोडाही लटकव.

सुरंगी:
अबोली, बाबांच्या बसचं पुढे काय झालं?

अबोली:
चौकट नवी झाली, झडप उघडमीट करणारीच ठेवली, आणखी पाच वर्षं फिरली. मग बाबांचे गुडघे गेले. पुस्तकं एका शाळेला दिली, त्या फुगलेल्या पानांसकट. मुलं ती आधी उचलतात असं तिथल्या बाई सांगतात, का ते कोणाला ठाऊक नाही.

पोरांना सगळं वाचून दाखवलं. काकांचं वाचल्यावर धाकटा गप्पच झाला, झडपेखाली मांडलेला पलंग त्यानं तेव्हाच सरकवला. आज उघाड होती म्हणून जुनं रबर आणि आतलं प्लायवूड काढलंय. चौकट दोन कोपऱ्यांत गेलीय, बाकी धड आहे. आता झाकण घेऊन दोघं मालिमला गेलेत. भोकावर तोवर माझी ताडपत्री बांधलीय, चारही दोऱ्या माडांना, वर फळी घालून उतार दिलाय. पर्वरीकडून काळं येतंय, बघून येते जरा.