सर्व्हर सांभाळणाऱ्याने कुठे शिकावे आणि अडल्यावर कुठे विचारावे?

प्रश्न

मी गेले ८ महिने सुमारे २० लिनक्स सर्व्हर सांभाळतो आहे. त्याआधी हेल्पडेस्कवर होतो. वापरकर्त्यांची खाती, पॅच, परवानग्या ही रोजची कामे जमतात. मात्र एखादी सेवा अचानक बंद पडली की शोधून सापडेल ती कमांड मी चालवून पाहतो, आणि सेवा पुन्हा सुरू झाली तरी ती मुळात का थांबली हे मला कळलेले नसते. तीन व्हिडिओ अभ्यासक्रम पूर्ण केले, पण त्यांतले फारसे लक्षात राहिले नाही. विचारायला ज्येष्ठ सहकारीही नाही. अनुभवी मंडळी कशावरून शिकली, हे कृपया सांगावे.

उत्तर १

अभ्यासक्रमातला सर्व्हर सहसा बिघडत नाही, म्हणून तो लक्षात राहत नाही, असे माझे मत आहे. 'सॅडसर्व्हर्स' या संकेतस्थळावर मुद्दाम बिघडवलेला लिनक्स सर्व्हर ब्राउझरमध्येच मिळतो आणि तो ठरावीक वेळात दुरुस्त करायचा असतो. आपली अडचण पाहता सुरुवात तिथून करावी. कमांड लाइनचा सराव कमी वाटत असेल, तर 'ओव्हरदवायर' या संकेतस्थळावरचा 'बँडिट' हा कमांडचा खेळ आधी सोडवावा.

त्याच्या जोडीला स्वतःच्या संगणकावर दोन व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारे आभासी संगणक) उभारा, स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची प्रत) घ्या आणि मग ती स्वतःच बिघडवा. उदाहरणार्थ, लाखो रिकाम्या फाइली तयार करून आयनोड (प्रत्येक फाइलसाठी एक, अशा डिस्कवरच्या मर्यादित नोंदी) संपवा. डिस्कवर जागा शिल्लक दिसत असतानाही जागा नसल्याचा संदेश येईल आणि डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या साध्या 'डीएफ' कमांडने काहीच उलगडणार नाही. 'डीएफ'ला 'आय' हा पर्याय जोडल्यावरच खरे कारण दिसेल. लॉगमध्ये (सर्व्हरने स्वतः ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदीत) कोणती ओळ उमटली ते दर वेळी वहीत उतरवून ठेवा. माझ्याकडे अशी वही आहे आणि कामावर ती मला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक उपयोगी पडली आहे.

उत्तर २

मॅन पाने (लिनक्समध्येच मिळणारी माहितीपुस्तिका) वाचायची सवय लावा. पाचव्या विभागात कॉन्फिगरेशन फाइलींची रचना असते आणि आठव्या विभागात प्रशासकाच्या कमांड असतात, एवढे माहीत असले तरी शोध सोपा होतो. 'आर्च' या लिनक्स वितरणाचे (लिनक्सच्या एका प्रकाराचे) माहितीस्थळ 'आर्च विकी' दुसरे वितरण वापरणाऱ्यांनाही उपयोगी पडते; फक्त पॅकेजांची नावे आणि फाइलींचे मार्ग आपल्या वितरणाशी ताडून घ्यावेत. विंडोज सर्व्हरही सांभाळत असाल, तर 'मायक्रोसॉफ्ट लर्न' विनामूल्य आहे.

उत्तर ३

वरील सूचनांत मी एका गोष्टीची भर घालतो: मोठ्या बिघाडांनंतर कंपन्या स्वतः प्रसिद्ध करतात ते अहवाल वाचा. गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीचा ३१ जानेवारी २०१७ च्या घटनेचा अहवाल मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला वाचायला देतो. दुय्यम डेटाबेस सर्व्हरवर आहोत असे समजून अभियंत्याने मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसला. त्यानंतर पाहिले तर नेहमीचे बॅकअप तयारच होत नव्हते, कारण बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती. आणि अपयशाची सूचना देणारे ईमेलही नाकारले जात असल्यामुळे कोणाला पत्ता लागला नव्हता. सुमारे ६ तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटमुळे बाकीचा डेटा वाचला. हे वाचल्यावर मी त्याच आठवड्यात आमचा एक बॅकअप प्रत्यक्ष पुनर्स्थापित करून पाहिला.

विचारण्यासाठी 'सर्व्हर फॉल्ट' आहे. २००९ पासून चालू असलेले हे स्थळ व्यावसायिक प्रशासकांसाठीच आहे. रेडिटवरचा 'सिसॲडमिन' समूह मात्र तांत्रिक उत्तरापेक्षा कामाची पद्धत, रात्रपाळीचा ताण आणि वरिष्ठांशी होणारा संवाद यांसाठी मला अधिक मोलाचा वाटतो.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. 'सर्व्हर फॉल्ट'वर मी एकदा प्रश्न विचारला होता, पण तो बंद करण्यात आला.

उत्तर ३

'सर्व्हर चालत नाही, काय करू?' अशा प्रश्नाला उत्तर देणे कोणालाच शक्य नसते. वितरण व त्याची आवृत्ती, बिघाडाआधी झालेला शेवटचा बदल, 'जर्नलसीटीएल' या लॉग दाखवणाऱ्या कमांडमधल्या त्या मिनिटाच्या मूळ ओळी आणि आतापर्यंत करून पाहिलेले उपाय, एवढे प्रश्नात असू द्या. लॉगमधले पासवर्ड, सार्वजनिक आयपी पत्ते आणि सर्व्हरची नावे मात्र आधी काढून टाका. अशा रीतीने प्रश्न लिहिताना मला अनेकदा उत्तर स्वतःलाच सापडले आहे. तसे झाले तरी प्रश्न उत्तरासह नोंदवावा. 'सर्व्हर फॉल्ट'वर त्याला मुभा आहे.