घरी दुरुस्त केलेले आणि घरीच बिघडवलेले वॉशिंग मशीन : आपले अनुभव

शाहूपुरी
जुलैत कोल्हापुरात कपडे वाळत नाहीत, हे नव्याने सांगायला नको. त्यातच गेल्या आठवड्यात आमच्या फ्रंट लोड मशीनने धुणे पूर्ण केले आणि पाणी मात्र सोडेना. कारागिराने न पाहताच ‘पंप गेला’ असे फोनवर सांगून दोन दिवसांनंतरची वेळ दिली. तेवढा धीर नसल्याने मी प्लग काढून खालच्या कोपऱ्यातील फिल्टर सरळ फिरवला आणि ड्रममधील पाणी न्हाणीघरातून थेट बैठकीच्या खोलीत गेले. त्या फिल्टरशेजारी एक बारीक रबरी नळी असते आणि तिचे बूच काढून पाणी आधी परातीत थोडे थोडे उतरवायचे असते, हे मला फरशी पुसताना समजले. आत दोन नाणी, केसांची पिन आणि धाग्यांचा लगदा निघाला. एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. फिल्टरच्या पोकळीत बॅटरी मारली की पंपाचा छोटा पंखा दिसतो आणि बोटाने फिरवल्यास तो अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. आत चुंबक असल्यामुळे तसे होते. पंखा जाम झालेला नसतो. आमचा पंप बदलावा लागला नाही. आपण काय दुरुस्त केले आणि काय बिघडवले, दोन्ही सविस्तर लिहावे.

राजारामपुरी
आमची तक्रार उलटी होती. पाणी आतच येत नव्हते. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की पाण्याची नळी मशीनला जिथे जोडलेली असते तिथली बारीक जाळी गाळाने भरते. ती पक्कडीने अलगद ओढून टूथब्रशने स्वच्छ केली, तरीही ड्रम भरायला फार वेळ लागे. मग टाकीची उंची मोजली. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. आमची टाकी मशीनच्या वर जेमतेम दोन मीटर, म्हणजे 0.2 बार, आणि माहितीपुस्तिकेत किमान 0.3 बार मागितलेला. टाकीखाली दीड मीटरचा लोखंडी स्टँड करून घेतल्यापासून तक्रार नाही.

मंगळवार पेठ
आमचे सेमी ऑटोमॅटिक मशीन नुसते घुंई आवाज करीत असे आणि पाते फिरत नसे. हाताने ढकलले की मात्र सुरू होई. ही लक्षणे बहुतेक वेळा कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा भाग, बिघडल्याची असतात. दुकानात जाताना जुना कपॅसिटर बरोबर न्यावा आणि त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडच्या आकड्याचाच नवा घ्यावा. प्लग काढल्यावरही त्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो, म्हणून टोकांना हात लावण्यापूर्वी तो उतरवावा; मी ते केले नाही आणि बसलेला झटका कोपरापर्यंत जाणवला.

कसबा बावडा
झटक्यावरून आठवले. मशीनच्या पत्र्याला ओला हात लागला की मुंग्या येत आणि टेस्टरही पेटत असे. मशीनमध्ये दोष निघाला नाही. जुन्या वायरिंगमधील त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हते. पत्रा नुसता चुणचुणतो म्हणून दुर्लक्ष करू नये.

फुलेवाडी, कामाला उद्यमनगरात
स्पिनच्या वेळी गिरणीसारखी घरघर येत असेल, तर दार उघडून आतल्या ड्रमची कड वर उचलून पाहावी. संपूर्ण टब स्प्रिंगांवर हलणे स्वाभाविक आहे. पण बाहेरचा टब जागेवर राहून आतला ड्रमच खुळखुळत असेल, तर बेअरिंग संपलेले आहे. आमच्या मशीनमध्ये 6205 आणि 6206 अशी दोन बेअरिंगे निघाली आणि ती गल्लीतल्याच दुकानात मिळाली. इंजिनांची कास्टिंगे ओतणाऱ्या गावात बेअरिंगसाठी कोणी पुण्याला जात नाही. मात्र बेअरिंग स्वतःहून क्वचितच मरते. पुढचे ऑइल सील झिजून साबणाचे पाणी आत शिरते आणि ते गंजते. पहिल्या खेपेला मी सील जुनेच बसवले, त्यामुळे सात महिन्यांत सगळे पुन्हा उघडावे लागले. काही मशीनचा टब कारखान्यातच चिकटवून बंद केलेला असतो. तो कापून उघडण्याचा खटाटोप घरी करू नये.

शुक्रवार पेठ
2019 च्या ऑगस्टमध्ये आमचे मशीन चार दिवस पुराच्या पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर ‘चालू करून बघू या’ असे घरातल्या प्रत्येकाने किमान एकदा म्हटले, आणि आईने प्लगच कापून ठेवला म्हणून ते टळले. मागचा पत्रा काढून चिखल स्वच्छ पाण्याने धुतला आणि दोन आठवडे पंख्याखाली वाळवले. मोटर वाचली, सर्किट बोर्ड गेला. त्याच्या पायांमध्ये नखाने खरवडावा इतका गाळ घट्ट बसला होता. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आले तेव्हा मशीन वरच्या मजल्यावर होते.

शाहूपुरी
फुलेवाडीकरांनी सांगितल्याप्रमाणे आमचाही ड्रम उचलून पाहिला. किंचित खुळखुळतो आणि टबच्या मागे तपकिरी ओघळ दिसतो. गणपतीपर्यंत चालेल का?

फुलेवाडी
चालेल, पण ओघळ आला म्हणजे सील गेलेलेच आहे. घासून ड्रमच्या दांड्यावर चरा पडला, तर तिथे नवे सीलही टिकत नाही. या रविवारीच उघडा.