हॉरिफाइड: ऐनवेळी पिवळा सहा गेला आणि डाव बुडाला

कोपऱ्यातली_काकू:
रविवारी जेवणं आटोपली की आमच्या डायनिंग टेबलावर हॉरिफाइड मांडला जातो, सगळ्यांनी मिळून राक्षसांना हरवायचा बोर्डगेम. मी, नवरा, जाऊबाई आणि पुतण्या. परवा ड्रॅक्युला आणि अदृश्य माणूस, दोनच राक्षस घेतले होते, म्हणजे सोपा डाव. ड्रॅक्युलाच्या चारही शवपेट्या फोडून झाल्या. आयटमच्या प्रत्येक टोकनावर रंग आणि बळाचा आकडा असतो. ड्रॅक्युलाला संपवायला पिवळं बळ सहा लागतं, ते माझ्याकडे एकाच टोकनात. सोबत एक लाल पाच. बस्स. एक-दोनवाली टोकनं मी उचलतच नाही, त्यांचं काय लोणचं घालायचंय?

तर माझ्याच टर्नला ड्रॅक्युलाने मला स्वतःजवळ ओढून घेतलं. पुढच्या टर्नला फासे पडले, दोन मार. दोन मार म्हणजे दोन आयटम बाद. पुतण्या शांतपणे म्हणाला, "काकू, तुझं दुकान बंद." नंतर पिवळं गोळा करेपर्यंत राक्षसांचे पत्तेच संपले, म्हणजे डाव हरलो.

नवरा म्हणतो, शेवटच्या घावाचा आयटम बाद होणार नाही असा घरचा नियम करू. मला पटत नाही. तुम्ही काय करता?

तिसरा_फासा:
काकू, लोणचं घालायचंच आहे! मार अडवताना टोकनावरचा आकडा कोणी बघत नाही. एकचं टोकन एक मार अडवतं आणि सहाचंही एकच. तुम्ही दोन मारांना अकरा बळ मोजलंत. एका ठिकाणचे हवे तेवढे आयटम एकाच ॲक्शनमध्ये उचलता येतात, मग बारके तिथेच का सोडायचे? ते लिंबूटिंबू हातात असू द्या, मार खायला. ड्रॅक्युलाला निळ्याचा उपयोग नाही, तेव्हा बारके निळे आधी जाऊ द्या. फक्त अदृश्य माणसाविरुद्ध पुरावा म्हणून कुठल्या जागेचं टोकन लागतंय ते टाकण्याआधी बघा, तिथे रंग नाही, जागेचं नाव चालतं.

घरचा नियम नको. मार बसला तरी काही जाणार नसेल तर राक्षसाला भ्यायचं कशाला?

वाड्यातला_उंदीर:
वरचं बरोबर, पण मूळ चूक वेगळी वाटते. सगळं एकाच्या हातात का होतं? दोघं एका जागी आले की एका ॲक्शनमध्ये आयटम वाटून घेता येतात. आणि सहा हे एकाच टोकनात हवं असं कुठेय? तीन, दोन, एक मिळूनही सहाच होतात. पुरावा मिळाला की पोलीस चौकीत लगेच ठेवून या, तिथे ठेवलेला मारात जात नाही.

'बिट्रेयल' या दुसऱ्या बोर्डगेममध्ये मेलेल्याचं सामान खोलीतच पडतं, दुसरा कोणी उचलतो. इथे ती सोय नाही, बाद झालं की गेलं.

कोपऱ्यातली_काकू:
वाटून घेण्याचं सुचलं होतं हो, पण जाऊबाईंच्या हाती पिवळा द्यायचा म्हणजे... असो. काल रात्री पुन्हा बसलो. माझ्यापुढे एकची चार निळी टोकनं रांगेत लावली होती, पुतण्याने त्यांना 'पापड' नाव ठेवलंय. तीन पापड मोडले, पिवळं शाबूत. ड्रॅक्युला गेला. अदृश्य माणसाने मात्र हरवलं, त्याचा एक पुरावा नवऱ्याने पापड समजून टाकला.

तिसरा_फासा:
नियम त्यांच्यासाठीच करा मग 😄