क्लाउडच्या व्याख्या पाठ झाल्या, पण साधं पान उघडेना

ताळेबंद_वाली
नमस्कार मंडळी. मी अकाउंट्समधली, कोडिंगचा गंध नाही. तीन आठवडे क्लाउडचे व्हिडिओ बघतेय. आयएएएस, पीएएएस, सास (क्लाउड सेवांचे तीन प्रकार) यांच्या व्याख्या झोपेतून उठवलं तरी सांगेन. काल धीर करून क्लाउडवर भाड्याचं पहिलं लिनक्स मशीन उभं केलं, एसएसएचने (लांबून मशीनवर लॉगिन करायची पद्धत) आत शिरले, वेब सर्व्हर (पानं दाखवणारा प्रोग्राम) टाकला. ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी (नेटवरचा पत्ता) टाकला तर चाक फिरफिर फिरलं आणि शेवटी ‘टाइम्ड आउट’. पुढे कुठे बघायचं हेच कळेना. आधी सर्टिफिकेटची परीक्षा देऊन टाकू का? की नेटवर्किंगपासून सुरुवात करू?

निळा_पडदा
परीक्षा द्या. अभ्यासाला शिस्त लागते.

जुना_सर्व्हरवाला
परीक्षा कुठे पळून जात नाही. आधी हे पान उघडा, त्यात निम्मं नेटवर्किंग आपोआप होईल.

‘टाइम्ड आउट’ म्हणजे तुमच्या हाकेला कुणी ‘हो’ही म्हटलं नाही आणि ‘नाही’ही. बहुतेक वेळा मधली फायरवॉल (कुणाला आत सोडायचं ते ठरवणारा पहारेकरी) ती हाक गुपचूप गिळते. एसएसएच २२ नंबरच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर घातलेलं दार) चालतं, ते तुम्ही मशीन बनवताना उघडलेलं असणार. वेब चालतं ८० वर, ते अजून बंद असेल. मशीनच्या फायरवॉल नियमांत (ॲमेझॉनवर त्याला ‘सिक्युरिटी ग्रुप’ म्हणतात) ८० नंबर येणाऱ्या ट्रॅफिकसाठी सगळ्यांना उघडा. २२ मात्र फक्त तुमच्या आयपीला. ते जगाला उघडं ठेवलंत तर थोड्याच वेळात लॉगमध्ये (मशीनच्या नोंदवहीत) ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने दार ठोठावणाऱ्यांची रांग दिसेल. एकदा मुद्दाम बघण्यासारखी गंमत आहे, पण पासवर्डचं लॉगिन बंद असेल तरच!

मग कदाचित ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येईल. घाबरू नका, ती प्रगती आहे. हाक मशीनपर्यंत पोचली, फक्त त्या पोर्टवर ऐकायला कुणी बसलेलं नाही.

सर्व्हिसेसची नावं पाठ करणं सोडा, ती दोनशेच्या वर आहेत आणि बदलतात. मशीन, डिस्क, नेटवर्क आणि कुणाला कशाची परवानगी, या चार गोष्टी धरा. बाकीचं बरंचसं यांच्यावरच रचलेलं आहे. ॲमेझॉनने २००६ मध्ये एस३ आणि ईसी२ आणलं, तेव्हाही विकायला होतं ते हेच: साठवणीची जागा आणि तासावर भाड्याने मशीन.

क्लाउडची व्याख्याच हवी तर अमेरिकेच्या एनआयएसटीची (मानकं ठरवणारी सरकारी संस्था) २०११ची वाचा, दोनेक पानांत मावते. तिच्यातल्या पाच लक्षणांपैकी शेवटचं आहे मोजून वापर. तुम्ही अकाउंट्सवाल्या, तिथूनच शिरा.

ताळेबंद_वाली
८० उघडलं आणि खरंच ‘रिफ्यूज्ड’ आलं! एरर बघून आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला. वेब सर्व्हर इन्स्टॉल केला होता, सुरूच केला नव्हता. आता पान दिसतंय. रात्री मशीन ‘स्टॉप’ करून झोपले, म्हणजे मीटर बंद ना?

जुना_सर्व्हरवाला
अर्धाच. सीपीयू-मेमरीचं भाडं थांबतं. डिस्कचं चालू राहतं, कारण तुमचा डेटा तिच्यावर आहे आणि ती जागा तुमच्यासाठी राखलेली आहे. राखून ठेवलेल्या पब्लिक आयपीचेही पैसे लागू शकतात. अझूरवर (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) आणखी एक खोच: मशीनच्या आतून शटडाउन केलं तर मशीनचं भाडंही थांबत नाही. पोर्टलवरून थांबवून ‘डीअलोकेटेड’ (म्हणजे मशीन परत सोडून दिलं) दिसलं पाहिजे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. सरावाची सात मशीनं ‘स्टॉप’ करून मी तीन महिने निवांत होतो, आणि सातही डिस्क बिलात इमानेइतबारे हजेरी लावत होत्या. बजेट अलर्ट लावला होता, ईमेलही आले. ते वाचायचे असतात हे ध्यानात आलं नाही. बरं, अलर्ट फक्त कळवतो, काही बंद करत नाही.

सराव झाला की मशीन डिलीट करा, मग डिस्कच्या यादीत वेगळं जाऊन बघा. कधीकधी मशीन जातं आणि डिस्क मागे उरते. दुसऱ्या दिवशी सगळं परत पहिल्यापासून उभं करा, न बघता.

ताळेबंद_वाली
केलं डिलीट. यादीत दोन डिस्क निघाल्या. दुसरी मी कधी बनवली, देव जाणे.