मदत हवी आहे: ब्लेस केल्यावर रस्टच्या यूआय टेस्ट्सचा डिफ कसा तपासता?

नमस्कार मंडळी. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरमधल्या एका एरर मेसेजचा मजकूर बदलायचा आहे. बदल जेमतेम एका ओळीचा, पण यूआय टेस्ट्स (कंपायलरने छापलेला मजकूर अपेक्षित मजकुराशी ताडून बघणाऱ्या चाचण्या) चालवल्या की ढीगभर फेल होतात. टेस्टशेजारच्या एसटीडीईआरआर फाइलमध्ये, म्हणजे अपेक्षित मजकुराच्या फाइलमध्ये, जुनाच मजकूर आहे ना. ब्लेस फ्लॅग लावला की त्या फाइल्स नव्याने लिहिल्या जातात. धास्ती वाटते ती इथेच, कारण कंपायलरने जे छापलं तेच तो अपेक्षित म्हणून ठरवतो, चूक-बरोबर बघत नाही. टेस्टच्या सोर्समधली एरर अॅनोटेशन्स (कुठल्या ओळीवर कुठली एरर यावी हे सांगणाऱ्या कॉमेंट्स) तेवढी हाताने बदलावी लागतात, आणि ते मला बरंच वाटतं.

पाथ आणि कोडच्या डावीकडचे ओळींचे आकडे आधीच झाकलेले असतात, त्यामुळे डिफमध्ये (जुन्या-नव्या फाइलमधल्या फरकांत) फालतू गोंधळ कमी आहे. तरी एका फाइलमध्ये मजकुराबरोबर कोडखालच्या टोप्यांची (^ या खुणांची) रांगही बदललीय: आधी फक्त आर्ग्युमेंटखाली होती, आता अख्ख्या फंक्शन कॉलखाली आलीय. मी स्पॅनला (एरर कोडच्या कुठल्या भागाकडे बोट दाखवते त्याला) हातच लावलेला नाही!

असे खरे बदल शेकडो सारख्या ओळींमधून तुम्ही कसे वेगळे काढता? निव्वळ मजकुराचे बदल गाळून उरलेलं दाखवणारी एखादी स्क्रिप्ट वापरता का? आणि हा स्पॅन कुठून सरकला असेल, शोध कुठून सुरू करू?