दिवाळीनंतर कुत्र्यासोबत दिवसभराचा जलविहार: हरिपूर की बामणोली?

सांगलीकर (प्रश्न)
नमस्कार. आमच्याकडे साडेतीन वर्षांची बिजली नावाची कारवानी कुत्री आहे. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी तिला घेऊन सकाळपासून उन्हे कलेपर्यंत पाण्यावर राहावे, असा घरच्यांचा बेत आहे. घराजवळ म्हणून हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर नाव ठरवावी, की साताऱ्यावरून कास ओलांडून बामणोली गाठावी, याचा निर्णय होत नाही. बिजली गाडीत निवांत झोपते. मात्र गेल्या महिन्यात घाटाला बांधलेल्या नावेत तिला चढवले, तेव्हा फळी हलताच चारही पाय ताठ करून ती नखे रुतवायला जागा शोधत राहिली.

हरिपूरकर
संगमेश्वराच्या पायऱ्यांवर माझे लहानपण गेले, तरीही मी आपणांस हरिपूर सुचवणार नाही. सांगलीच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, ही ऐकीव गोष्ट नव्हे. थंडी पडू लागली की त्या अंग शेकायला काठावर येऊन पडतात आणि पाणी प्यायला वाकलेले कुत्रे त्यांना आयतेच सापडते. नावेत ती सुरक्षित राहीलही, परंतु दिवसभरात तिला तीन-चार वेळा काठावर उतरवावेच लागेल आणि खरी भीती तिथेच आहे.

घाटवाट
बामणोलीच बरी. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पावसाळ्यानंतर भरलेला असतो आणि बोट तापोळ्याकडे, कोयना, सोळशी व कांदाटी या नद्यांच्या संगमापर्यंत नेता येते. वासोटा किल्ल्यावर जाण्याचा मोह मात्र टाळावा. तो भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे कुत्रे नेता येत नाही आणि नेऊही नये, कारण कुत्र्यांचे रोग वन्य प्राण्यांना लागतात. संपूर्ण बोट आपल्यापुरतीच ठरवावी आणि कुत्रे सोबत आहे हे नावाड्याला आधीच सांगावे, कारण ऐन वेळी धक्क्यावर होणारी हुज्जत मी स्वतः अनुभवली आहे.

फळीवर गोणपाट ओले करून अंथरावे, म्हणजे पाय घसरत नाहीत. इंजिन मागे असते, म्हणून तिला पुढे बसवावे. पाठीवर मूठ असलेले कुत्र्याचे लाइफ जॅकेट घ्यावे. पाण्यात पडल्यास त्याच मुठीला धरून तिला वर ओढता येते. पट्टा हातात धरावा, बोटीला कधीही बांधू नये: बोट कलंडली तर बांधलेले कुत्रे तिच्यासोबतच बुडते.

श्वानप्रेमी, मिरज
कारवानीच्या अंगावर चरबी नावापुरतीच असते, त्यामुळे ती भिजली की लवकर गारठते. जाड टॉवेल आणि जुनी घोंगडी सोबत ठेवावी. दुपारचे ऊन मात्र तापलेले असते, म्हणून वर ताडपत्री असलेली बोट पाहावी. निघण्यापूर्वी पोटभर खाऊ घालू नये. पिण्याचे पाणी घरचेच न्यावे आणि लेप्टोस्पायरोसिसची लस वेळेत झाली आहे ना, हे आजच पाहून घ्यावे. उंदरांच्या मुतातून हा रोग पाण्यात उतरतो आणि माणसांनाही होतो.

सांगलीकर
सर्वांचे आभार. लसीची तारीख उलटून दोन महिने झाले होते, हे कार्ड काढल्यावर लक्षात आले. आता बामणोलीच, तीही आधी तासाभराच्या फेरीने. बिजली गोणपाटावर बसली, तरच पुढे तापोळा.